प्रभाग नऊची चोवीस तास पाण्याची लाईन

पोलीस स्टेशन खडकपेठ, जि. यवतमाळ
दि. २०/०५/२०२४

मी फुलसिंग लखीराम राठोड, वय ५२ वर्षे, धंदा मोटार वाइंडिंग व नळफिटिंग, मूळ राहणार फुलसावंगीजवळील तांडा, हल्ली मुक्काम शिक्षक कॉलनी, प्रभाग ९, खडकपेठ. बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

या प्रकरणात माझे एक हॅकसॉ ब्लेड, एक सॅडल, दोन दिवसांचे दुकान आणि पस्तीस वर्षांत झालेले नाव एवढे गेले आहे. ब्लेड व सॅडल दुकानात दुसरे आहेत.

मी सतराव्या वर्षी एक पाना घेऊन या शहरात आलो. प्रभाग नऊमधील बहुतेक घरांचे नळ मी बसवलेले आहेत. जमिनीत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकवून तिच्या टोकाला कान लावला की खाली पाणी चालू आहे की बंद, हे मला कळते. गळती शोधायला पाणीपुरवठा कार्यालयाने मला अनेकदा नेले आहे. माझ्या कानावरून खणलेला खड्डा आजवर वाया गेलेला नाही, असे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

प्रभागात दि. २६ एप्रिलपासून नळाला पाणी नाही. धरणात पाणी कमी आहे हे खरे. पण आहे ते वर टाकीत चढवणारी मोटार जळाली होती. ती मीच दोन दिवसांत वाइंडिंग करून दि. २९ रोजी कार्यालयात पोचवली. पोचपावतीवर सही कोणत्या साहेबांनी करायची हे ठरायचे असल्याने ती आजही तिथल्या व्हरांड्यात आहे. ऊन लागू नये म्हणून मी तिच्यावर पोते टाकून आलो.

माझ्या दुकानासमोर नंदकिशोर दिगंबर वैद्य, वय ६८, ट्रेझरीतून निवृत्त, हे राहतात. पत्नी वारल्यापासून एकटे आहेत. मार्चमध्ये नवी पाईपलाईन टाकली, ती त्यांच्या बाजूने गेली. आमची बाजू सुटली. पहिले कनेक्शन वैद्य यांनी घेतले. आमचे नळ बंद झाल्यापासून ते फाटकात उभे राहून मला म्हणत, "काय राठोड, गावाला नळ लावता अन् स्वतः कोरडे? आमच्याकडे बघा, नव्या लाईनचं चोवीस तास. लागलं तर पाठवा घरून." मी हसून "पाठवतो ना बाबूजी" म्हणत असे. माझ्या दारातला कढीपत्ता दि. २ मे रोजी वाळला. त्यांचा मोगरा हिरवा होता.

माझी पत्नी सोनीबाई, वय ४७, रोज दुपारी त्यांच्याकडे दोन हंडे आणायला जाऊ लागली. दुकानातले घड्याळ समोरच असल्याने तिला सव्वा तास लागतो हे लक्षात आले. चालू नळाखाली दोन हंडे भरायला सहा मिनिटे लागतात. घरी आल्यावर ती म्हणे, "वैद्यबाबूचं पानी कसं थंडगार हाय! अन् मानूस बी भला. मले पाट देते बसायले, गुळाचा खडा देते." ते पाणी मी प्यायलो नाही. त्या दिवसांत मी जारचे पाणी पीत होतो. मोटार व्हरांड्यात असताना नळाला पाणी कसे, आणि मे महिन्यात ते थंड कसे, हा विचार माझ्यासारख्या फिटरला यायला हवा होता. तो आला नाही.

दि. १६ मे रोजी ती धुतलेले पातळ नेसून गेली. धुवायला पाणी कुठले, हे मी विचारले नाही. आल्यावर "काहून उशीर होते रोज?" एवढे विचारले. ती म्हणाली, "पानी आनणं सोपं अस्ते काय?" आमचे याविषयी त्यापुढे बोलणे झाले नाही.

दि. १८ मे रोजी दुपारी तीनच्या सुमारास मी वैद्य यांच्या कुंपणाबाहेर सब्बल टेकवून कान लावला. आत पाणी पडत होते, थांबत होते, पुन्हा पडत होते. लाईनमध्ये हवा असली की पाणी असेच तुटक येते. नवी लाईन चालू आहे अशी माझी खात्री झाली.

दि. १९ मे रोजी दुपारी अडीच वाजता, पत्नी वैद्य यांच्याकडे गेल्यावर, मी भर रस्त्यात खड्डा खणून ती लाईन उघडी केली. माझ्याकडे परवानगी नव्हती. मी ती मागितलीही नव्हती. घरात नळ आला की पत्नीला कोणाकडे जावे लागणार नाही, एवढाच उद्देश होता. पाईपवर सॅडल, म्हणजे नळजोडणीचा पट्टा, बसवून भोक पाडले. पाणी आले नाही. कचरा अडकला असेल म्हणून पाईप आडवा कापला. आत धूळ व कोळ्याचे जाळे होते. कुंपणाआड पाणी पडण्याचा आवाज मात्र चालूच होता.

लोक जमले. कनिष्ठ अभियंता मंदार सोमण गाडीवरून आले व ओरडले, "राठोड, मेन लाईन फोडली तुम्ही! अख्ख्या प्रभागाचं पाणी तुमच्यामुळे बंद!" मी म्हणालो, "साहेब, मंग माहे पाय तं ओले व्हायले पाहिजे होते." संध्याकाळी त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली.

वैद्य फाटकात येऊन "माझा चोवीस तासांचा नळ तोडला यानं" असे चारचौघांत म्हणू लागले. त्यांच्यामागून माझी पत्नी पदर खोचून आली. ती म्हणाली, "कोन्ता नळ, बाबूजी? मांगच्या विहिरीतून मीच तं ओढून राह्यली तीन हप्त्यापासून." मग मला म्हणाली, "अन् तुमी रस्ता कायले खंदला? गल्लीले समजलं तं विहीर दोन दिवसात आटन, म्हून बाबूजीनं कोनाले सांगू नोको म्हटलं. तुमी इचारलं असतं तं सांगितलं नसतं काय मी?"

तिच्या दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते. ते मी पंचनाम्याला आलेल्या पंचांबरोबरच पाहिले.

बीट हवालदारांनी माझ्यासमक्ष लाईनच्या कडेने प्रभागाच्या टाकीपर्यंत चालत जाऊन पाहणी केली. लाईन टाकीच्या आठ फूट अलीकडे मातीत संपते. मधे जोड नाही. सबब प्रभागाचे पाणी माझ्यामुळे बंद झाले, ही तक्रार मला मान्य नाही. रस्ता खणला व पाईप कापला, हे मान्य आहे.

वैद्य यांचे गुडघे धरलेले असल्याने त्यांना दोर ओढवत नाही. विहिरीतून दुपारी आठ हंडे निघतात. पहिले सहा माझी पत्नी त्यांच्या जमिनीतल्या टाकीत ओतते, नंतरचे दोन घरी आणते. कुंपणाबाहेरून मी ऐकलेला आवाज तो होय.

जबाब हवालदारांनी सावकाश वाचला, मी ऐकला. बोललो तेवढेच उतरले आहे, जादा-कमी काही नाही. म्हणून खाली सही करतो.

फुलसिंग ल. राठोड