थकव्याची सूट

आमचं मूळ गाव जुन्नरकडचं, वडील मास्तर, मी इकडे आलो तेव्हा पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, आणि लागलो टाइमस्टडीत. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहायचं. लोक चिडायचे, काय राव, पाणी प्यायचा वेळपण मोजता का म्हणायचे, आणि तो मोजायचोच, कारण तासाला सात मिनिटं थकव्याची सूट धरावी लागते, नाहीतर आकडा खोटा.

बास्केटबॉल मी कॉलेजात खेळलेलो, म्हणून आकुर्डीच्या कॉलनीतल्या मुलींचा संघ माझ्याकडे आला. त्यात सुनंदा, आमच्याच खात्यातल्या रहाटणीच्या फिटरची मुलगी. जिल्ह्याची निवड महिन्यावर आलेली, हिचं नाव लागणार असं सगळेच म्हणत. मी तिचा सराव वाढवत नेला, कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस धावा, मग पन्नास, मग साठ, मध्ये बसणं नाही. रोज सरावाआधी दहा मिनिटं बसवून नाडी मोजायचो, बहात्तर होती ती तिसऱ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी झाली, म्हणजे आदल्या दिवसाचा थकवा निघतच नव्हता, काय सांगू तुम्हाला, माझ्याच अक्षरात वहीत आहे. दहातले सात बॉल टाकणारी मुलगी चारवर आली. म्हणाली, सर, पाय जड झालेत, उद्या नको. मी म्हणालो, जड झालेत म्हणजे सराव कमी पडतोय, आणि दहा धावा आणखी वाढवल्या.

निवडीच्या दिवशी ती रिंगखाली नुसती उभी राहिली, उडालीच नाही. नाव लागलं नाही. कॉलनीत लोकांनी विचारलं, तर मी म्हणालो, ऐन वेळी पोरीनं कच खाल्ली. मी म्हणालो हे, दुसऱ्या कुणी नाही.

सोमवारी तिचा बाप मशीनवर भेटला. भांडला नाही. फडक्यानं हात पुसत म्हणाला, सायेब, मला तासाला सात मिनिटं देता, पोरीला किती दिली व्हती? मी स्टॉपवॉच दाबलं आणि त्याचा पुढचा नग मोजायला घेतला.

आता ती पिंपळे गुरवला दिलेली आहे, पदरात मुलगी आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटली, भर गर्दीत वाकून पाया पडली आणि हसत मुलीला म्हणाली, हे माझे सर, यांनी एवढी मेहनत घेतली गं, मीच ऐन वेळी कच खाल्ली. माझेच शब्द, जसेच्या तसे. मी सुखी राहा म्हणालो आणि भाजी घ्यायला वळलो. वही घेऊन तिच्या घरी जायचं दर रविवारी ठरवतो. लांब नाही, बसने अर्धा तास.