चौथा खांदा

दाढदुखीने शिंप्याचा जीव मेटाकुटीला आला होता, तरी दवाखान्याच्या बाकावर शेजारचं बोलणं कानावर पडतच होतं. चर्चच्या पाळकबाई धोबिणीला समजावत होत्या.

“येशूवर असं रुसू नये गं. उपासनेला ये.”

“त्याच्यावर कशाला रुसू? त्याच्याशी रोज बोलते. तुमच्याशी बोलवत नाही.”

“आम्ही प्रार्थना केली की तुझ्या लेकासाठी.”

“घरात बसून! पोर तुरुंगात मेलं, म्हणून मातीला कुणी फिरकलं नाही. पाळकसाहेबांचा झगा मी इस्त्री करून ठेवला होता, बाई.”

“त्यांना ताप होता.”

“असेल. पेटी माझ्या दोघा भावांनी उचलली, तिसरा खड्डा खणणारा. चौथा खांदा मी दिला.”

“लोक घाबरतात गं.”

“ठाऊक आहे. येशूचीही माणसं ऐनवेळी पळालीच होती. आई तेवढी क्रुसापाशी उभी होती.”