बेर्गामोचे बारा, बोगोटाचे सहा

हॅलो?... हॅलो, ताई?... येतंय, येतंय ऐकू, पण तुझ्यापेक्षा फटाकेच जास्त. बाल्कनीचं दार लाव ना... हं, आता बोल... तुम्हालाही! सगळ्यांना सांग, नवीन वर्ष सुखाचं जावो... नाही गं, इथे कुठले बारा! बेर्गामोत बारा म्हणजे बोगोटात संध्याकाळचे सहा. इथे अजून जुनंच वर्ष चालू आहे. आत्ता कुठे अंधारायला लागलंय.

फाउस्तो तुमच्याकडेच आहे ना? जेवला नीट?... बरं केलंस. बायको इथे, म्हणून एकटा घरी राहिला असता तर पावावर भागवलं असतं माझ्या नवऱ्याने... मसूर केलेस? सॉसेजसोबत? गप्प बस, तोंडाला पाणी सुटलं... इथेही असतात मसूर, पण शिजवत नाहीत. खिशात भरतात. हो, कच्चे! दोन्या एर्सीलियाने... अगं, आमची घरमालकीण, जिच्या गेस्टहाऊसवर मी राहते, तिने सकाळीच मला मूठभर मसूर दिले आणि एक पिवळी चड्डी... चड्डी. पिवळी... नशीब उजळतं म्हणे... हो, घातलीय! हसू नकोस. दत्तकाचा हुकूम कोर्टात अडकलेल्या बाईने काहीही घालावं.

नाही ना. कोर्ट बंद. इथे नाताळात सगळ्या देशाचे न्यायाधीश एकदमच सुट्टीवर जातात, ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणार... नाही, कागदांचं काही नाही. कागद कधीच पुरे झाले. ताई... ऐक ना, फाउस्तो तुझ्या जवळ उभा आहे का?... मग तू जरा स्वयंपाकघरात जा... गेलीस?

हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सुट्टीवरून आल्यावर न्यायाधीशबाई दार्लेनीला बोलावणार आहेत. एकटीला. मी बाहेर बसायचं... दुवानला नाही, तो पाच वर्षांचा, त्याला काय विचारणार! त्याला विचारलं तर तो दोन्याच्या कुत्र्याबरोबरसुद्धा इटलीला जाईल. पण दार्लेनी नऊ वर्षांची. तिला विचारणार, तुला या बाईंबरोबर जायचंय का?... आणि नाही म्हणाली तर थांबलं. दोघांचंही. भावंडांना वेगळं करत नाहीत, आणि करूही नये.

तेच तर! काय म्हणेल ते मला माहीतच नाही. मी विचारलं ना. मागच्या रविवारी, वेणी घालताना विचारलं, बेर्गामोला यायचंय ना गं तुला? तर म्हणाली, 'बघू.'... एवढंच. 'बघू.' ताई, माझ्या प्रयोगशाळेत 'बघू' असा निकालच नसतो. पाणी पिण्यालायक आहे किंवा नाही.

नाही, वाईट वागत नाही. तेच म्हणते मी, इतकी शहाण्यासारखी वागते की भीती वाटते. पांघरुणाची घडी घालते, दुवानचे दात घासते, मी काही दिलं की 'उपकार झाले' म्हणते. माझ्या हातचं आवडीने खाते की नुसतं खाते, ते कळत नाही... अगं, तिच्याही बाजूने बघ. मावशीकडे राहत होती दोघं. मावशी एक दिवस म्हणाली, इथे बसा, मी दुपारी येते. आलीच नाही. मग ही मुलगी कुणाच्या बोलण्यावर कशाला विश्वास ठेवेल?... हो. हो, कळतं मला. घाई करत नाहीये मी.

आणि आज तर दोन्याशी काहीतरी कुजबुज चालली होती. मी स्वयंपाकघरात गेले तर दोघी गप्प. दोन्या एकदम चीजचे वडे तळायला लागली, आणि ही कुत्र्याशी बोलायला... काय माहीत! मला वाटलं, इथेच राहू का असं विचारत असेल तिला... रडत नाहीये, सर्दी झालीय. इथे थंडी किती असते तुला कल्पना नाही, डोंगरावर आहोत आम्ही.

मुलांना देऊ? थांब, देते. त्यांच्या खोलीत आहेत. दुवानला नव्या वर्षाचं 'बुओन आन्नो' शिकवलंय, दिवसभर कुत्र्याला म्हणून दाखवतोय... दार्लेनी? दुवान? माझी ताई फोनवर आहे, या बघू...

ताई, एक मिनिट.

खोलीत नाहीत... न्हाणीघरातही नाहीत... दार्लेनी!... थांब, तू बोलू नकोस, मला बघू दे. तिचा कोट नाही. दुवानचे बूट नाहीत... ताई, कपाटावरची बॅग नाहीये. निळी, चाकांची, मी मुलांसाठी आणलेली. कपाट उघडं आहे... रिकामं. सगळे कपडे नेलेत गं तिने. त्याची उशीसुद्धा.

गेली. ती त्याला घेऊन गेली... पोलिसांना काय सांगू? माझी मुलं? अजून माझी कुठे झालीत?... फाउस्तोला काही सांगू नकोस! ताई, त्याला... दोन्या! दोन्या एर्सीलिया! मुलं कुठे गेली? मुलं!... थांब गं, ती स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी सांगतेय... काय? हसताय काय तुम्ही?... काय करायला गेली?... कुठे? गल्लीत?

ताई, ती हसतेय. झारा हातात घेऊन हसतेय. मी खिडकीशी जाते... थांब, पडदा... 

आहेत. दिसली. दोघंही आहेत.

अगं, खाली गल्लीत. ती बॅग ओढतेय आणि तो बॅगेवर बसलाय, घोड्यावर बसल्यासारखा. कुत्रा मागून पळतोय. कोपऱ्यावरचा वॉचमन त्यांच्यासाठी गाड्या थांबवतोय... माहीत नाही, मला काही कळत नाही. दोन्या, नीट सांगा ना!... हं... हं... प्रत्येक वर्षी?... सगळेच?

ताई, ऐक. इथे वर्ष बदलताना लोक बॅग घेऊन घराभोवती चक्कर मारतात. गल्लीला पूर्ण वळसा. म्हणजे त्या वर्षी प्रवास घडतो... हो, खरंच! आज बाराला अख्खं शहर बॅगा ओढत फिरणार आहे म्हणे. आणि मी मूर्ख, पोलिसांना बोलवायला निघाले होते!... पण मग आत्ता का? दोन्या, बाराला ना? आत्ता तर सहाच...

काय म्हणालात?

ताई... थांब, मला बसू दे. दोन्या म्हणतेय, दार्लेनीने सकाळी तिला विचारलं, इटलीत बारा वाजतात तेव्हा इथे किती वाजतात? ती म्हणाली सहा. तर ही म्हणाली, मग मी सहालाच जाणार. जायचंय तिकडे, तर वर्षही तिकडचंच धरायला हवं ना... तीच कुजबुज होती ती. नऊ वर्षांची आहे गं! आणि इथले लोक रिकामी बॅग फिरवतात, तर हिने सगळे कपडे भरले. म्हणे, नुसती बॅगच गेली आणि आम्ही राहिलो तर?

आता रडतेय, हो. आता सर्दी नाही... सांग, फाउस्तोला सांग. सगळं सांग, न्यायाधीशबाईंचंही... नाही गं, कोर्टात काय म्हणेल ते तीच म्हणेल, मी आत्तापासून तिच्या तोंडी शब्द घालणार नाही. पण बॅग मी भरलेली नाही ताई. तिने भरली.

वर बघतेय. मला बघितलं तिने. काहीतरी ओरडतेय, खिडकी उघडते... काय गं? काय?... ऐकलंस? म्हणते, 'नुसत्या उभ्या काय राहिलात? तुमची बॅग कुठाय? तिकडचे बारा संपतील!'... हो, येते! आले!... ती मला रागावलीय ताई. पहिल्यांदा!

दोन्या, माझी बॅग... हो, तीच, लाल. काहीतरी भरा तिच्यात, काहीही, टॉवेल चालेल... नाही, फोन ठेवत नाही, जिना उतरतेय. चपलाच घातल्यात, असू दे... फाउस्तो? तू आहेस होय! ऐकलंस ना सगळं?... अरे, तूही बॅग घेऊन... थांब, विचारते. दार्लेनी, फाउस्तो विचारतोय, त्यानेही तिथे चक्कर मारायची का?... हो का?... तुला गरज नाही म्हणते. तू आधीच पोचलायस. तू दार उघडायला घरी थांब.

हो रे, असंच म्हणाली. 'दार उघडायला.' शब्दसुद्धा माझा नाही... रडू नकोस, पाहुणे बघताहेत... दुवान, उतर खाली, दार्लेनीचा हात दुखेल. नाही? बरं, बस... फाउस्तो, ठेवू का मी?... अरे, मलाही ठेवावंसं वाटत नाहीये, पण कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात करायची म्हणतेय ती, तिघांनी मिळून, नाहीतर धरलं जात नाही... ऐक ना, खरंच ठेवते. एका हातात बॅग आहे, आणि दुसरा ती मागतेय.