पुलापल्याडचं बिल

चंदाबाई : मंग वापस काऊन केलं वो बिल? मध पातळ निंगाला का?

रोशनी : मध चांगला हाय, माय. चाळीस बाटल्या, एकही फुटली नाई. गलती बिलातच हाय. आमच्या दुकानाचा हिसाब पाहनारा म्हनते, असं बिल चालत नाई. तुमच्या बायांच्या मध गटाची बिलं आता कोन लिवते?

चंदाबाई : तुहा बाप. दुसरं कोन? गडचिरोलीले दोन दिवसाचं ट्रेनिंग करून आला, तवापासून आमा बायांले जीएसटी शिकवून राह्यला. इथीच बसला हाय पाह्य, तोंड तिकडं अन् कान इकडं.

रोशनी : मंग बाबालेच दे फोन.

चंदाबाई : तू नदीच्या पुलापल्याड तेलुगू पोरासंगं लग्न केलं त्याले दोन वर्सं झाली, एक शब्द बोलला नाई तो तुह्यासंगं. आता बिलासाठी बोलन?

रोशनी : देऊन तं पाह्य.

(चंदाबाई फोन नवऱ्याच्या हातात कोंबते.)

रोशनी : बाबा? ऐकून राह्यले का?

डोमा : बोला. कोन्त्या दुकानातून?

रोशनी : चेन्नूरच्या. तुमच्या मध गटाचं गिऱ्हाईक बोलते.

डोमा : काय अडचन हाय?

रोशनी : तुमी बिलात सीजीएसटी अडीच टक्के अन् एसजीएसटी अडीच टक्के लावला.

डोमा : झाले ना शंभरावर पाच. लेबल लावलेल्या बंद बाटलीवर तेवढाच लागते.

रोशनी : पाच बराबर हाय. पन त्याचे असे दोन भाग कवा करते?

डोमा : माल आपल्याच राज्यात इकला तवा. सीजीएसटी केंद्राले, एसजीएसटी राज्याले.

रोशनी : अन् माल दुसऱ्या राज्यात गेला तं?

डोमा : तं आयजीएसटी. पाचही टक्के एकसाथ केंद्राकडं जमा. मंग राज्याचा वाटा केंद्र देते, पन जिथी माल खपला त्या राज्याले. झाड आपलं, मोहोळ आपलं, वाटा मात्र तिकडं. कायदाच तसा हाय. अन् लडाख, अंदमान असे केंद्राचे भाग असले, तं तिथी एसजीएसटीच्या जागी यूटीजीएसटी. चौदा बायांकडून पाठ करून घेतलं मी हे. मले नका शिकवू.

रोशनी : मंग पुलाच्या पल्याड कोन्तं राज्य हाय, बाबा? आमच्या जीएसटी नंबराच्या सुरवातीले छत्तीस हाय. महाराष्ट्राचा सत्तावीस असते. हे तुमाले नाई दिसलं?

डोमा : दिसलं. त्या राज्याले नेमका छत्तीसचाच आकडा कोन देल्ला, काय माहीत.

रोशनी : सरकारनं देल्ला. त्यात माहा काई दोष नाई. पन तुमी पत्ता काय लिवला? रोशनी डोमा, अन् आपल्या घराचा पत्ता. आपल्या घरचा मध आपल्याच घरी इकला तुमी.

डोमा : आधी बराबरच लिवत होतो. बिलबुकाच्या दोन पानांवर काट मारली. 'तेलंगणा' लिवाले गेलो का हातच चाले नाई. वाटे, लिवलं म्हंजे पोरगी खरंच गेली.

रोशनी : म्हनून तिसऱ्या पानावर मले घरी आनलं.

डोमा : आनलं. पन तुहं नुकसान होईन, हे नाई सुचलं मले. त्या टॅक्सची वजावट भेटनार नाई तुले. जवाई रागावला असन.

रोशनी : राजेशम? तो म्हने, नुकसान झालं तं होऊ दे. तुह्या बापानं दोन वर्सांत पयल्यांदा तुहं नाव लिवलं, ते वापस कायले करते?

डोमा : असं म्हने तो?

रोशनी : तेलुगूत म्हने. मराठी शिकून राह्यला आता. कोनासाठी शिकते ते इचारू नका.

डोमा : तो राहू दे म्हने, तं तू काऊन वापस केलं मंग?

रोशनी : चांगल्या बिलावर कोन फोन करते, बाबा? गलती होती म्हनून तं तुमच्यासंगं बोलता आलं.

डोमा : माही गलती बिलातली नोहे, पोरी. त्याच्या लय आधीची हाय. तुही याद आली नाई असा एक दिवस गेला नाई. फोन वाजला का मी उठून बाहेर जाओ, अन् भिंतीले कान लावून ऐको.

रोशनी : मालूम हाय. माय सांगे. मीही मंग जरा मोठ्यानंच बोलो.

डोमा : बरं. जुनं बिल रद्द करतो. नवीन लिवतो, ऐक. आयजीएसटी पाच टक्के. राज्य तेलंगणा. नाव, रोशनी राजेशम. बराबर?

रोशनी : बराबर.

डोमा : सकाळच्या गाडीनं घेऊन येतो.

रोशनी : बाबा, फोटो काढून फोनवर पाठवलं तरी चालते.

डोमा : मालूम हाय मले.