अकरावं कलम

सचिव : ...आयोगाच्या अहवालावर तुमची सही तेवढी राहिलीय, बाई. बाकी सहा जणांच्या झाल्या.

बाई : सहा जणांनी वाचून केल्या का?

सचिव : तीनशे पानं आहेत.

बाई : म्हणजे नाही. मी वाचलीत. दहाव्या कलमानंतर एकदम बारावं आहे.

सचिव : क्रमांक दुरुस्त करायचे राहिले.

बाई : कलम काढायचं मात्र राहिलं नाही.

(विद्यापीठातली बाईंची खोली. शिपाई चहा घेऊन आत येतो.)

शिपाई : घ्या साहेब. बाई, तुमचा बिनसाखरेचा. अकरावं म्हणजे ते खिडकीवालं का?

बाई : तेच, मामा. सरकारी खिडकीवर कुणाचा अर्ज नाकारला, तर कारण कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. एवढंच होतं त्यात.

शिपाई : ते नका काढू, साहेब. माझी बहीण विधवा पेन्शनसाठी चारदा गेली. दर वेळी 'उद्या या'. मी विचारायला गेलो तर म्हणाले, अशी कुणी आलीच नव्हती.

बाई : तोंडी नकाराला आई ना बाप.

सचिव : कर्मचारी संघटना अडून बसलीय. खिडकीवर रोज दोनशे माणसं येतात. कारणं लिहीत बसले तर कामं कधी करणार?

बाई : माझ्या वर्गात पहिल्या वर्षाला असताना तुला अशाच खिडकीच्या रांगेत दिवसभर उभं केलं होतं. काय लिहून आणलं होतंस?

सचिव : एकशे चौदा माणसं आली. त्र्याण्णव तशीच परत गेली.

बाई : कारण किती जणांना कळलं?

सचिव : सात.

बाई : पाठ आहे की अजून. मग विसरायला कुणी शिकवलं? मी तर नाही.

सचिव : बाई, तुमचे आधीचे तीन अहवाल कपाटात पडून आहेत. हा निदान लागू होतोय. एका कलमासाठी तीनशे पानांवर पाणी सोडायचं?

बाई : तिन्ही वेळा मी असाच विचार केला. आधी एक कलम सोडलं, मग दुसरं. शेवटी मुखपृष्ठावर माझं नाव तेवढं उरलं. यात एकतीस वर्षं गेली. आता सोडायला माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

सचिव : सही नसेल तर मंत्री तुमचं सल्लागारपद काढून घेतील. मला थांबवता येणार नाही.

बाई : घेऊ दे.

सचिव : गाडी, दालन, पुढच्या आयोगाचं अध्यक्षपद, सगळं जाईल.

शिपाई : बाई बसनेच येतात, साहेब. गाडी नुसती धूळ खाते.

बाई : सही करते मी. पण माझं हे दोन पानी भिन्नमत सोबत जोडायचं. अकरावं कलम शब्द न् शब्द आहे त्यात.

सचिव : ते घेता येणार नाही.

बाई : का?

सचिव : वरून तसं सांगितलंय.

बाई : लिहून?

सचिव : फोनवर.

बाई : ठीक आहे. तू नाकार, पण लिहून दे. कारण अमुक, खाली सही.

सचिव : असा नियम नाही, बाई.

बाई : कसा असेल? तोच तर काढलात.

सचिव : आणि नाही दिलं तर?

बाई : तर उद्या सकाळी ही दोन पानं घेऊन त्या पेन्शनच्या खिडकीसमोर उभी राहीन. येईल त्याला वाचून दाखवीन. पाय दुखतील, पण आवाज वर्गातला आहे. रस्त्यापर्यंत जाईल.

शिपाई : मी स्टूल घेऊन येतो.

सचिव : मामा, तुम्ही नोकरीत आहात.

शिपाई : बत्तीस वर्षं, साहेब. काढायचं तर काढा. कारण तेवढं लिहून द्या.

सचिव : ...आणा तो कागद.

शिपाई : पेन घ्या.

सचिव : 'भिन्नमत स्वीकारता येत नाही. कारण...'

बाई : थांबलास का?

सचिव : पुढे काय लिहू, बाई?

बाई : परीक्षेत कधी सांगितलं होतं का मी? लिही. मी बसलेय.