दाराबाहेरचे बूट

लसीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. लेक लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली.

"आई, सुईत विषाणू नाहीच. नुसतं त्याच्यासारखं कवच आहे. प्रथिनाचे एकसारखे तुकडे आम्ही बनवतो, ते आपले आपण जुळून बसतात."

"आणि आत?"

"पोकळ. पण शरीराला वाटतं शत्रू आला, आणि ते तयारीला लागतं."

"म्हणजे फसवायचं."

"फसवायचंच."

"मग तुझ्या बाबांचे बूट मी दाराबाहेर ठेवते, तर का चिडतेस? चोराला वाटतं, घरात पुरुषमाणूस आहे."

"अगं, बाबा जाऊन वर्ष झालं. कायम एकाच जागी पडलेले बूट चोरही ओळखेल."

"कायम कुठे? सकाळी आत घेते. संध्याकाळी बाहेर ठेवते, ते यायच्या वेळेला."