बाबांच्या बसचे धक्के

अरे, आमच्या बाबांची गंमत ऐका. आयुष्यभर बस चालवली, आता विरारच्या घरी कॉम्प्युटरवर बसचाच गेम खेळतात आणि त्याचे व्हिडिओ रेकॉर्ड करून जुन्या ड्रायव्हर मित्रांना पाठवतात. गेम नीट चालायचा, पण व्हिडिओत बस धक्के खायची.

बाबा वैतागले. "मित्र म्हणतील, म्हाताऱ्याला क्लच सोडता येत नाही!"

शेवटी त्यांना दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "काका, एकाच जुन्या हार्ड डिस्कवर गेम आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालतंय, तिला झेपत नाही. रेकॉर्डिंगला वेगळी एसएसडी घ्या, ती डिस्क खूप वेगवान असते."

घेतली. नवा व्हिडिओ कुठेच अडकला नाही. बाबांनी तो ऐटीत आईला दाखवला.

आईने शेवटपर्यंत बघितला. "छान चालवलीत हो. लाल सिग्नल तोडलात, तेही अगदी स्वच्छ दिसतंय."